गोंदाखालची स्मृतिपट्टी

भिंगाखालचा शेवटचा सांधा तपासून मृदुला बोकारेने मान वर केली. सोल्डरचे दोनशे चाळीस सांधे, केसाएवढे बारीक, आणि एकही हललेला नव्हता. पट्टीवरचा पिवळा पडलेला गोंद तिने खरवडला नव्हता की तापवला नव्हता. कडेकडेने अल्कोहोलचे थेंब सोडत, बांबूच्या काडीने तो अलगद उचलला होता. सारी सकाळ त्यात गेली.

पट्टी हेमंत राजूरकरांची. अपघातात मेंदूला मार बसल्यापासून त्यांच्या लक्षात नवं काहीच राहत नसे. कानामागची ही स्मृतिपट्टीच ते लक्षात ठेवी आणि समोर माणूस आला की तो कोण ते कानात सांगे. गोंद ओल धरून सांधे खाऊ लागला, म्हणून त्यांची पत्नी ज्योत्स्ना त्यांना प्रयोगशाळेत घेऊन आली होती.

मृदुलाने पट्टी बसवली. राजूरकरांनी क्षणभर ऐकलं, मग दारात आलेल्या पाहुण्याला करावा तसा ज्योत्स्नाला नमस्कार केला.

"अहो, असं काय करताय?" ज्योत्स्ना गोंधळली.

मृदुलाने पुन्हा मोजलं. वीज ठीक, सांधे ठीक. काही उमजेना, तेव्हा तिने पट्टीचे रचनाकार डॉ. इनामदार यांना बोलावलं.

"गोंद कधी लावला होता?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षांपूर्वी. पट्टी पडून तडकली, तेव्हा मीच लावला."

"पट्टी आठवणी विद्युतभाराच्या रूपात साठवते, आणि त्यासाठी जागा स्वतःच शोधते. अशा गोंदात भार वर्षानुवर्षं अडकून राहतो. तिनं नवं सगळं तिथे ठेवलं असणार."

"तुकडे आहेत माझ्याकडे," मृदुला म्हणाली. "परत बसवले तर?"

"अल्कोहोल लागलं की भार निघून जातो."

मृदुला बशीतल्या तुकड्यांकडे बघत राहिली. काम बिनचूक झालं होतं. आणि त्याच कामाने तीन वर्षं पुसली गेली होती.

"गोंदाच्या आधीचं सगळं शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले.

ज्योत्स्ना नवऱ्याकडे वळली. "मी कोण म्हणून सांगतेय ती?"

"ज्योत्स्नाताई. परिचारिका. मंगळवारी येता." राजूरकर ओशाळले. "आणखीही एक सांगतेय. पुढच्या मंगळवारी तुम्हाला काही विचारायचं मी ठरवलंय. आज मंगळवार आहे का? इथे, चारचौघांत, विचारावं की नाही, काही कळत नाही."

लग्नाला अडीच वर्षं झाली होती. ज्योत्स्ना खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"विचारा," ती म्हणाली.