चंद्राच्या मातीवरचं भांडण

"अहो, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय!"

मी दचकून मागे पाहिलं. शेडमध्ये कुणीच नव्हतं. होती ती फक्त सहा चाकांची गाडी — आमच्या अंतराळ संस्थेची, पुढच्या वर्षी चंद्रावर जाणारी. आवाज आला होता भिंतीवरच्या स्पीकरमधून. चालक पलीकडच्या बंद खोलीत बसायचा. गाडीच्या कॅमेऱ्यातून दिसेल तेवढंच त्याला दिसायचं. आणि आत्ता दिसत होते माझे पाय!

"पाय बघायला बसवलंय का तुम्हाला तिथे?"

"कॅमेराच खाली आहे हो... मी तरी काय करू?"

मी भूगर्भशास्त्रज्ञ. गाडीच्या सरावासाठी खडक दळून चंद्रावरच्यासारखी माती बनवायची, हे माझं काम. त्याच दिवशी त्याची गाडी माझ्या मातीत रुतली, आणि हा बाहेर येऊन म्हणतो कसा — "माती जरा जास्तच भुसभुशीत झालीय."

"माती चंद्रावरच्यासारखीच आहे. चालवणारा कच्चा आहे!"

तो हसला. हसताना डाव्या गालावर एवढीशी खळी... माझा राग तिथंच रुतला.

मग हे रोजचंच झालं. गाडी अडकायची, आम्ही भांडायचो, आणि भांडण कँटीनमध्ये चहावर मिटायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंसुद्धा नाही.

एका दुपारी साहेब सहज बोलून गेले. त्याची दूरच्या केंद्रावर बदली झाली होती. चंद्रावरची गाडी तो तिथूनच चालवणार होता. सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच नाही! मी चहाला गेलेच नाही. माती चाळत बसले.

थोड्या वेळानं तोच दोन कप घेऊन आला.

"सांगितलं का नाहीस?" मी मान वर न करता विचारलं.

"हे सांगितलं असतं, तर... दुसरंही सांगावं लागलं असतं."

"मग सांग ना."

त्यानं एक कप माझ्यापुढे ठेवला. "गाडी कितीही लांबून चालवीन गं. पण तुझ्यापासून लांब — नाही जमायचं मला. लग्न करशील माझ्याशी?"

'हो' केव्हाच ओठांवर आलं होतं. पण इतके दिवस गप्प बसल्याची काही शिक्षा नको? मी घोट घोट करत सगळा चहा संपवला. बिचारा कपाळ पुसत उभा.

"रविवारी घरी ये, आई-बाबांना भेटायला," मी म्हटलं. "आणि तिकडच्या केंद्राला भूगर्भशास्त्रज्ञ लागतात का, तेवढं विचारून ठेव."

"विचारलंय," तो हळूच म्हणाला. "गेल्याच आठवड्यात... लागतात."