पूर्णेच्या घळीतली तार

पूर्णेच्या घळीत काळविटांची कातडी पुरून ठेवली होती आणि संध्याकाळी ती जीपने बाहेर जाणार होती. त्याआधी तिथे पोचून पंचनामा करायचा, म्हणून तिघे सकाळीच जाफराबादहून निघाले. पुढे वनरक्षक धम्मपाल. मागे दोन पंच: निवृत्त शिक्षक रामराव आणि याच घळीत शेळ्या चारून म्हातारी झालेली गोजरबाई. तिसरे कोणी पंच व्हायला तयार नव्हते. शिकारी कोण, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

दोन्ही काठांवरून वेड्या बाभळी वाकल्या होत्या. एकही पाखरू बोलत नव्हते. वाळूत चपलांचे ताजे ठसे होते. रामरावांचे धोतर काट्यांत टरकले, तेव्हा सरकारने मास्तरला पेन्शन दिली पण पायजमा दिला न्हाई, असे गोजरबाई पुटपुटली.

वळणावर हरणे मारायला पसरलेली, गुडघ्याइतकी उंच विजेची तार आडवी आली. शेतीची लाईट सध्या रातची, दिवसा तार मेलेली, असे धरून तिघांनी ती ओलांडली. पंधरा पावलांवर दुसरी तार. तिच्या पलीकडे ताजी उकरलेली माती! धम्मपालने पक्कड काढली, हात पुढे केला. तेवढ्यात नदीपलीकडच्या विहिरीवरची मोटार आपोआप घरघरली.

"हात मागं घे!" गोजरबाई ओरडली.

सोमवार होता. लाईटची पाळी बदलून दिवसाची झाली होती! तारेला टेकलेले हिरवे गवत चुरचुरून धुमसू लागले. धम्मपालने हात झटकन मागे घेतला. पुढे तार, मागे तार.

मग वरून शिट्टी आली. कुत्री भुंकली. कोणीतरी कळप घळीत हाकत होते. नऊ हरणे, त्यात दोन पाडसे, सरळ तारेवर येत होती.

धम्मपालने कुजबुजत सांगितले, बाभळीआड दबून राहू, लाईट गेल्यावर कातडी हाती लागतील. तार सोडवली तर शिकाऱ्यांना कळेल आणि सगळा माल जागेवरून हलेल.

"आन् हे नऊ?" गोजरबाईने विचारले.

काठावरून लाईट आणणारी तार दोन्ही आडव्या तारांच्या जोडावर नुसती आकडा करून अडकवली होती. गोजरबाईची शेंगा पाडायची बांबूची काठी लांब होती, पण टोकाला लोखंडी कोयती. तिने काठी उलटी केली. कोरडे टोक आकड्याखाली घातले. हिसका दिला. ठिणगी उडाली! आकडा सुटून बाभळीत लोंबकळला.

खूर तारेवर खणखणले. तार तुटली आणि कळप त्यांच्या अंगावरून निघून गेला.

"तार कोनी सोडली रे?" वरून आवाज आला. पाठोपाठ बंदुकीचा बार!

तिघे पळाले. पळता पळता धम्मपालने तुटकी तार ओढून घेतली. नदीच्या फरशी पुलावर पोचल्यावर त्याने पंचनाम्याचा कागद भरला. जप्त माल: तार, अंदाजे सहा हात.

"आन् हरणं?"

"ते जप्तीत येत न्हाई, मावशी."

"न्हाईच येऊ दे," ती म्हणाली आणि अंगठ्यासाठी शाई मागितली.