आठ मात्रांचा निरोप

चहाच्या यंत्रापाशी तो एकटाच पुटपुटत होता— "तुझी वाट बघून डोळे थकावे... तुझी वाट बघून..."

"पाहून!" माझ्या तोंडून निघून गेलं. "भुजंगप्रयात ना? मग 'ब' ऱ्हस्व कसा चालेल?"

तो वळला. कप ओसंडत होता, त्याला पत्ताच नाही. "आपण कोण?"

"तुमच्या नायिकेचा आवाज."

पडद्यावरच्या नटीला आमची भाषा येत नव्हती. तिचं बोलणं माझ्या गळ्यातून यायचं होतं. सगळा चित्रपट पद्यात, आणि लिहिणारा हा. वृत्तं मला आईने भांडी घासता घासता शिकवलेली.

नायकाला आवाज देणारा आजारी पडला, म्हणून त्याच्या ओळी काचेपलीकडून हाच वाचू लागला. रोज दुपारी आम्ही एकमेकांवर जीव ओवाळून टाकायचो— सगळा कागदावरचा! हेडफोनमधून त्याचा आवाज इतका जवळ यायचा की कानाची पाळी तापायची. मान वर केली, की तो काचेआड... लांब.

मात्रा चुकली की मी हात वर करून थांबवायची.

"हल्ली फार घसरता तुम्ही."

"सावरणारं माणूस असलं, की घसरायला बरं वाटतं."

"म्हणजे... मुद्दाम?"

तो नुसता हसला. त्या दिवसापासून 'अहो' गेलं, 'अरे' आलं.

मग कळलं, त्याने दुसऱ्या शहरात वर्षभराचं काम घेतलंय. कळलं तेही दिग्दर्शिकाबाईंकडून. त्या दुपारी तो दोनदा मुद्दाम चुकला. मी हात वर केलाच नाही.

शेवटचा प्रसंग निरोपाचा होता. "आवाजात रडू नकोय हं," बाईंनी बजावलं.

"जा तू आता, मागे वळुनी पाहु नको रे,
दार उघडुनी असा थबकुनी राहु नको रे..."

आठ-आठ मात्रा, एकही इकडची तिकडे नाही. पडद्यावर नटीने ओठ मिटले. आणि त्या मिटल्या ओठांवर मी बोलून गेले, "नको ना जाऊस."

"हे कागदावर नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे... आणि रेकॉर्डिस्टला घेऊन बाहेर गेल्या.

पडदा विझला, माझ्या खोलीत अंधार झाला. काचेपलीकडे तो एकटा. बोलायचं बटण दाबून ठेवलेलं.

"जावं लागेल," तो म्हणाला. "कबूल करून बसलोय. तुला सांगायचा धीरच झाला नाही. पण... मी येईपर्यंत थांबशील?"

मी मान हलवली.

"अंधारात दिसत नाही गं. बोलून सांग."

"थांबेन."

"अजून एकदा... रेकॉर्डिंग बंद आहे. मलाच हवंय."

मी पुन्हा सांगितलं. हेडफोन मात्र कितीतरी वेळ काढवेना— त्याचा श्वास कानात होता, आणि उद्यापासून तो नसणार होता.