शेवटची जोडी

शिवलीलाने रिपोर्टची प्रत गुप्तहेर अजीजाबाईंच्या टेबलावर आपटली. तीन गर्भ पडले तेव्हा नवऱ्याने, दिग्विजयने, हा कागद दाखवून तिला माहेरी मंगळवेढ्याला धाडलं होतं.

"सगळ्या भावकीच्या मोबाईलवर फिरवला ह्यो! परवा त्याचा दुसरा साखरपुडा हाय. मला सूड पाहिजे."

तिचा मामा जोतीराम मुठी वळून उभा होता. त्याचे हात आधी चालायचे, डोकं मागून यायचं. म्हणूनच तो अजीजाबाईंच्या हाताखाली होता.

कागदावर शिवलीलाचं नाव आणि गुणसूत्रांच्या तेवीस जोड्यांचा फोटो होता.

"जोतीराम, विजोड जोड्या सांगा," अजीजाबाई म्हणाल्या.

"अकरावी, बाविसावी... आन् शेवटचीबी. एक लांब, एक आखूड."

"खाली तर दोनच लिहिल्यात."

"इसरला आसंल लिवणारा."

अजीजाबाईंनी कागद उचलला आणि जोतीरामला घेऊन तपासणीची लॅब गाठली.

लॅबमधल्या एजाजने समजावलं, "अकरा आणि बावीसवर एकेक पट्टा असतो, दोन्हीकडून सारखाच वाचता येणारा. तो स्वतःवर दुमडून फुलीसारखा उभा राहतो. तिथं तुटला की दोघांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात. माणूस धडधाकट, पण गर्भ टिकत नाहीत."

"बाईचंच तुटतं व्हय?" जोतीरामने विचारलं.

"पुरुषाचंही. दोघांचे रिपोर्ट नवऱ्यानेच नेले. आता मागाल तर ज्याचा त्यालाच मिळेल."

सासू गिरिजाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "मला वाचाय कुटं येतंय? लेकानं सांगितलं, सुनंच्या रक्तात खोट हाय."

दिग्विजय त्याच्या फ्लेक्सच्या दुकानात भेटला. भिंतीला वाढदिवसाचे दोन फलक टेकलेले. दोन्हींवर वाघ तोच.

"रोजचं हाय की," तो हसला. "फोटो कोण बघतंय? नाव तेवढं बदलायचं. माझा रिपोर्ट? चांगला होता, टाकून दिला."

साखरपुड्याच्या दिवशी जुळे सोलापूर भागातल्या मंगल कार्यालयाच्या दारात पुरुषभर उंचीचा फलक लागला होता. त्यावर तेवीस जोड्या आणि खाली ठळक अक्षरांत दिग्विजयचं नाव होतं. पाहुण्यांची झुंबड उडाली.

अजीजाबाई नवरीकडे, वैष्णवीकडे वळल्या. "बाईची शेवटची जोडी सारखी असते. लांब-आखूड असते ती पुरुषाची. म्हणजे शिवलीलाच्या नावाने फिरवलेला हा फोटो तिचा नव्हेच. दिग्विजयरावांनी दुकानातल्या सवयीने स्वतःच्या रिपोर्टवरचं नाव बदललं, फोटो तसाच ठेवला. काल शिवलीलाने सही करून लॅबमधून स्वतःची प्रत घेतली. तिच्या सगळ्या जोड्या जुळतात."

"गुणसूत्रं तुटली त्यात यांचा दोष नव्हता," त्या पुढे म्हणाल्या. "खोटेपणा मात्र यांचाच."

वैष्णवीने साखरेचा पुडा ताटात परत ठेवला. गिरिजाबाईने लेकाकडे पाठ फिरवली.

"काढ त्यो फलक!" दिग्विजय ओरडला.

शिवलीला जागची हलली नाही. तीन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं गार तिला आज वाटलं.

"का? फोटो त्योच हाय की. नाव तेवढं बदललंय."