कच्च्या टाक्याचा कोट

टेलर मास्तरणीच्या दुकानात माप द्यायला उभं राहिलं की आधी बोलावं लागे. हवापाणी, सासुरवाडी, गुडघेदुखी, काहीही चाले. टेप दिसली की पुरुष पोट आत ओढतो, छाती पुढे काढतो, आणि त्या उसन्या छातीवर बेतलेला कोट घरी जाऊन रडवतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बोलता बोलता माणूस स्वतःला विसरतो आणि श्वास सुटतो. मग ती म्हणे, "हां, आता खरे आलात," आणि टेप आवळे.

दुकान दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत कापायचं टेबल, इस्त्री, उंच आरसा आणि खिडकीपाशी काजं करत बसलेल्या आत्याबाई, म्हणजे मास्तरणीच्या नवऱ्याची आत्या. मागच्या खोलीत नवऱ्याचं चामड्याचं काम चाले. पट्टे, पाकिटं, हातमोजे. मध्ये दार नव्हतं, नुसता जाड पडदा होता. चामड्याचा वास कापडाला लागतो म्हणून ती कुरकुरे, इस्त्रीची वाफ चामड्याला लागते म्हणून तो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे भांडण मिटलं नव्हतं, आणि ते मिटावं असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

एका अंगावर वाकून ठोकाठोक करत जन्म गेल्यामुळे नवऱ्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धं बोट खाली आला होता. "मी सरळच आलो होतो जगात," तो गिऱ्हाइकांना सांगे, "संसारात वाकलो." त्याच्यासाठी एक कोट शिवायचा म्हणून मास्तरणीने त्याच्या मापाचा खाकी कागदाचा नमुना केव्हाच कापून ठेवला होता. पण लोकांची कामं आधी, घरचं नंतर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. नमुना खिळ्यावर लटकत राहिला.

राखाडी कापड बगलेत मारून एक माणूस आला तेव्हा भर दुपार होती. त्याला कोट हवा होता, आणि जोडीला पट्टा आणि हातमोजे.

"नीट बसणारा कोट पाहिजे," तो म्हणाला. "आजवर एकही बसला नाही."

"माझ्याकडे कच्चे टाके घालून ट्रायल होते. माझं समाधान झाल्याशिवाय कापड दुकानाबाहेर जात नाही. चालेल?"

"चालेल."

तिने त्याला बोलतं केलं. तो बोललाही, रस्त्यावरच्या धुळीबद्दल, उन्हाबद्दल. पण छातीभोवतीची टेप तसूभरही हलली नाही. बोलणारा माणूस श्वास घेतो, टेप थोडी ताणते, थोडी सैल पडते. इथे ती खांबाला बांधल्यासारखी गप्प होती. खांद्यांचं माप घेताना तर मास्तरीण दोनदा मागे-पुढे झाली. माणसाचे दोन खांदे कधीच सारखे नसतात. कुणी पिशवी धरतो, कुणी पोर कडेवर घेतो, कुणी नुसता कुशीवर झोपतो, आणि अंग त्याची नोंद ठेवतं. या माणसाचे दोन्ही खांदे एका रेषेत होते.

तो गेल्यावर ती म्हणाली, "आत्याबाई, इतका सरळ माणूस मी पाहिला नाही."

"सरळ माणसापासून जपून राहावं, सूनबाई," आत्याबाई दोरा दाताने तोडत म्हणाल्या. त्यांनी लगेच त्याचं नावही ठेवलं, सरळोबा.

कोट कापायच्या दिवशी चूक झाली. सरळोबाचा नमुना तिने नवऱ्याच्या शेजारच्या खिळ्यावर अडकवला होता. तोंडाने पडद्याआड वासावरून भांडण चालू, डोळे पडद्याकडे, आणि हाताने न बघताच एक नमुना खिळ्यावरून ओढला. खडूने आखलं, कात्री चालली. शेवटची बाही कापून झाल्यावर तिची नजर डाव्या खांद्यावर गेली. अर्धं बोट खाली. उजवी बाही किंचित लांब. तिच्या तोंडचं पाणी पळालं. महागाचं कापड नवऱ्याच्या मापाने कापलं गेलं होतं.

ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही. कच्चे टाके घालू, ट्रायलला बघू, खांद्यात भर घालून निभावून नेऊ, असं तिने ठरवलं.

ट्रायलला सरळोबा आरशासमोर उभा राहिला. तिने कोट मागून चढवला आणि ओठ आवळून वाट पाहिली. डावीकडे चुणी पडायला हवी होती. पडली नाही. पाठ सपाट बसली, कॉलर मानेला टेकली. तिने तळवा त्याच्या डाव्या खांद्यावर ठेवला. खांदा खाली होता, अर्धं बोट.

"बसला," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याने श्वास घेतला. कोटाची छाती हलली.

तेवढ्यात मागून नवऱ्याने हाक मारली. तो पडदा सारून उभा होता. कामाचा चामडी एप्रन त्याच्या डाव्या खांद्यावरून नेहमी जरा खाली बसे. आज तो गळ्याशी चढला होता.

"या एप्रनचा पट्टा आखडला का गं?"

त्याच्या हातात अर्धवट कापलेला कमरेचा पट्टा होता, वाकडा कापलेला. एरवी नवऱ्याने डोळे मिटून कापला तरी पट्टा सरळ येई. मास्तरणीला काहीतरी बोलायचं होतं, पण गिऱ्हाईक समोर होतं, आणि वाकडा पट्टा काय, एखाद्या दिवशी कुणाच्याही हातून होतो. तिने स्वतःची समजूत घातली. ती समजूतदार बाई होती, भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना जांभया देणारी.

त्या आठवड्यात तिने कोटाच्या बाह्या पक्क्या शिवल्या. जसजशी शिलाई पुढे गेली तसतशी मागची हातोडी थांबत गेली. आधी ठोके चुकू लागले, मग कमी झाले. नवरा आरी हातात घेऊन ती कशासाठी असते हे आठवत बसल्यासारखा बसे. हातमोज्यांसाठी त्याने सरळोबाचा पंजा कागदावर आखला तेव्हा हसून म्हणाला होता, "हा तर माझाच हात." आता तो हसतही नव्हता.

"तब्येत बरी नाही का हो?" तिने विचारलं.

"बरी आहे," तो नम्रपणे म्हणाला. तिच्याशी तो कधी नम्रपणे बोलला नव्हता.

दुसऱ्या ट्रायलला सरळोबा वेळेआधीच आला. कोट अंगात घालून आरशात पाहत असताना त्याने घसा खाकरला, अगदी नवरा काही मागायच्या आधी खाकरे तसा. मग मान न वळवता म्हणाला, "अगं, पाणी दे."

आत्याबाईंची सुई हवेतच थांबली.

मास्तरीण पाणी द्यायला गेली नाही. ती टेप घेऊन सरळ पडद्यामागे गेली आणि नवऱ्याच्या छातीभोवती टेप गुंडाळली.

"बोला."

"काय बोलू?"

"काहीही बोला. भांडा माझ्याशी. चामड्याचा वास येतोय, कापड नासलं माझं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, ओळखही जेमतेम होती. "येतोय का वास?" तो म्हणाला. "मग काम बंद करू."

टेप हलली नाही. त्याचे दोन्ही खांदे एका रेषेत होते.

तिला रडू यायला हवं होतं, आणि आलंही असतं, पण त्याआधी संताप आला. पायाच्या नखापासून आला. या माणसाचा वाकडा खांदा तिने जन्मभर सोसला होता, त्यावर डोकं ठेवून झोपली होती, तो या सरळ मापाच्या माणसाने कापडात घालून न्यावा? तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच टाक्यांनी?

ती बाहेर आली. "कोट काढा."

"झाला की," सरळोबा म्हणाला.

"काढा म्हणते."

त्याने काढला. तिने टेबलावर उजवी बाही उलटी केली आणि उसवायला सुरुवात केली. टाका तुटला, दुसरा तुटला. बाही सुटी झाली तशी मागे हातोडीचा एक ठोका पडला. तिने कॉलर काढली. डाव्या खांद्याची शिवण उसवली.

"अगं ए!" पडद्याआडून आवाज आला. "कसली वाफ सोडलीयस! चामडं भिजलं माझं!"

आत्याबाईंनी डोळे पुसले. मास्तरीण उसवत राहिली, शेवटचा कच्चा टाका निघेपर्यंत. टेबलावर नुसते तुकडे उरले. मग आता हे संपवूनच टाकावं म्हणून तिने कात्री उचलली आणि बाहीच्या तुकड्यात घातली.

मागे नवरा ओरडला.

ती धावली. त्याच्या कोपराखाली लांब चीर पडली होती, रक्त वाहत होतं. "सुरी लागली वाटतं," तो गोंधळून म्हणाला. सुरी भिंतीवर, आपल्या जागी अडकवलेली होती.

तिने हात बांधला आणि परत आली. कात्री खाली ठेवली. फाडता येणार नव्हतं, जाळता येणार नव्हतं.

सरळोबा तिथेच उभा होता, खांदे पुन्हा एका रेषेत. तो चिडलेला नव्हता.

"नसेल शिवायचा तर तुकडे द्या," तो म्हणाला. "कापड माझं आहे. दुसरीकडे शिवून घेईन."

गावात टेलर काय कमी होते? कापलेले तुकडे जोडायला अक्कल लागत नाही. कुणीही दोन दिवसांत जोडून दिले असते.

मास्तरीण तुकड्यांवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"कोट तुम्हाला मिळेल," ती म्हणाली. "पण पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं? माझं समाधान झाल्याशिवाय कापड दुकानाबाहेर जात नाही. चालेल म्हणालात तुम्ही."

त्याने मान डोलावली.

"म्हणालो होतो."

"मग? माझं समाधान झालेलं नाही."

"कधी होईल?"

टेलर लोकांचं ते दोन शब्दांचं उत्तर सगळ्या जगात बदनाम आहे. मास्तरणीने ते आयुष्यात कधी तोंडातून काढलं नव्हतं, त्याचा तिला गर्व होता. आता तिने मान वर करून, त्याच्या डोळ्यांत पाहत ते काढलं.

"उद्या या."

तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी आला. तिने तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तेच. तो रोज येऊ लागला. हुज्जत घालत नसे, आवाज चढवत नसे. बाकावर बसून तिच्या हातांकडे बघत राही आणि उत्तर मिळालं की उठे. तुकडे ती फडक्यात बांधून कमरेला खोचून ठेवी. निजताना उशाखाली घेई.

गावभर झालं की मास्तरीणही शेवटी इतर टेलरांसारखीच निघाली, एका बिचाऱ्याला कोटासाठी हेलपाटे घालायला लावते. जुनी गिऱ्हाइकं टोमणे मारून जात.

"नाव गेलं गं तुझं," आत्याबाई म्हणाल्या.

"नाव गेलं तर जाऊ दे. माणूस आहे ना जागेवर?"

माणूस जागेवर होता. खांदा खाली, जीभ वर. तिने सगळं सांगितलं तेव्हा तो खो खो हसला. "तुझं आपलं काहीतरीच! त्या बापड्याला किती छळशील? तुला होत नसेल तर मी मारतो चार टाके." त्यावर मास्तरणीने त्याला जे सुनावलं ते ऐकून आत्याबाईंनीही मान खाली घातली. नंतर तो कोटाचं नाव काढीनासा झाला.

असे बरेच महिने गेले. मास्तरीण आजारी पडली नाही, गावाला गेली नाही, एकदाही दुकान बंद ठेवलं नाही. बघू कोण आधी थकतं, असं ती मनाशी म्हणे, आणि म्हणताना तिला जोर चढे. तिच्या आईने तिला हट्टी म्हणून किती वेळा बदडलं होतं. आईला आता कळलं असतं, हट्ट कशाला उपयोगी पडतो ते.

काल सरळोबा नेहमीच्या वेळी आला, बसला. तिने एका जाकिटाला अस्तर लावून संपवेपर्यंत तो तिची सुई पाहत होता. सुई आत गेली की त्याचं मधलं बोट किंचित हले.

"काय बघता?" तिने विचारलं.

"टाका," तो म्हणाला. "अवघड असतो का?"

"काज शिकायला या आत्याबाईंचा निम्मा जन्म गेला. तुमच्यासारख्याचे दोन जातील."

"बरं."

"उद्या या," ती ठणकावून म्हणाली.

तो उठला. दार ओढायला त्याने हात पुढे केला तेव्हा त्याच्या मधल्या बोटावर काहीतरी चमकलं. सुई टोचू नये म्हणून शिवणारे घालतात तो अंगुस्ताना होता. त्यावर सुईच्या बुडाने, टाके घालून घालून पडलेले बारीक खड्डे होते, दाट, कुठे बोट ठेवायलाही जागा नाही इतके.