शुभावहिनीने लावलेली खिडकी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही हसायचे. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

जर्मनीतलं लुडविग्सहाफेन. २००६ चा डिसेंबर. शनिवारची संध्याकाळ. लवकरच अंधारून आलेलं आणि ऱ्हाईन नदीवरचं धुकं थेट आमच्या गल्लीत शिरलेलं.

मी मीनल. तेव्हा तिथे शिकत होते आणि जयंतदादाकडे राहत होते. दादा केमिकल इंजिनिअर, शुभावहिनी हॉस्पिटलात आयसीयूची नर्स, आणि त्यांची चार वर्षांची उर्जा.

वहिनीला सतत नाइट ड्यूटी. उर्जा जागी असायची तेव्हा ही झोपलेली. पोरगी आईलाच बुजायला लागली होती. वहिनी लाडाने हाक मारायची, तर ही "नाइन!", नाही, म्हणून माझ्यामागे लपायची. वहिनी बाथरूममध्ये जाऊन रडायची. मला ऐकू यायचं.

म्हणून तिने त्याच हॉस्पिटलच्या वृद्धाश्रमात दुसरी नोकरी धरली. आउसहिल्फेची. म्हणजे माणूस कमी पडलं की फोन येणार, हिने जायचं. काम पसंत पडलं तर पुढे तिथेच कायमची दिवसपाळी देऊ, असं ते म्हणाले होते.

दादा चिडवायचा, "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, शुभा!"

"असू दे उपाशी. लेक तरी ओळखेल मला."

त्या शनिवारी फोन आला. "या, इश कोमं," हो, येते, म्हणत वहिनी चहा अर्धा टाकून पळाली.

तिथे काय झालं ते तिने नंतर सांगितलं.

पाळी अर्ध्यावर आलेली. सगळ्यांची नुसती धावपळ. हेल्गा नावाची नर्स "शेवटच्या खोलीकडे बघ" एवढंच म्हणाली आणि दुसरीकडे धावली.

शेवटच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. पलंगावर एक म्हातारी, भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

वहिनीचा जीव कळवळला. "अगं बाई! आजी, बाहेर किती थंडी आहे, गारठाल की!" असं चक्क मराठीत म्हणत तिने खिडकी लावली. हँडल फिरवलं... खट्.

मग पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं. आजीचा हात हातात घेऊन चोळला.

हात बर्फासारखा गार...

आजी केव्हाच गेल्या होत्या.

तेवढ्यात हेल्गा आली. "खिडकी कोणी लावली?"

तिकडे माणूस गेलं की नर्स आधी खिडकी उघडते. आत्म्याला बाहेर जाता यावं म्हणून. वहिनीच्या आयसीयूच्या खिडक्या उघडतच नाहीत. तिला बिचारीला हे कुठून ठाऊक असणार?

हेल्गाने खिडकी पुन्हा उघडली. पण तिचा चेहरा उतरला होता. "एकदा लावली, की मग..."

वहिनीचा एक नेम होता. ड्यूटीवर कोणी गेलं, तर घरी आल्यावर आधी अंघोळ, मग पोरीला हात. तिच्या आईची शिकवण.

त्या दिवशी मी दार उघडलं आणि उर्जा धावत आईकडे गेली. दोन्ही हात वर करून! कित्येक महिन्यांत पहिल्यांदा!

कुठली आई मागे सरेल हो? वहिनीने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. मलाही भरून आलं.

मी दार लावायला गेले.

"वार्ट!" उर्जा ओरडली. थांब.

ती आईच्या कडेवरून उतरली. दोन्ही हातांनी दार धरून उभी राहिली...

जिन्यात कोणी नव्हतं.

जिन्यातला दिवा आपोआप विझला. तरी ती वाट बघत थांबली. मग बाजूला सरकली आणि अलगद दार लावलं.

"कोण गं आलं?" मी विचारलं.

"ओमा," ती म्हणाली. आजी.

आम्ही जेवायला बसलो, आणि आतल्या खोलीतून आवाज आला... खट्.

जाऊन पाहिलं. कोणी नाही. खिडकी बंद.

परत येऊन बसलो. खट्... खट्...

कोणालातरी हँडल फिरवता येत नव्हतं.

दादाने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. कुडकुडत आम्ही हात जोडून उभे. "जा हो आजी, जा आता..." हे मी म्हणत होते. मी!

उर्जाने मान हलवली. जर्मनमध्ये म्हणाली, "ती नाही जाणार. बाहेर थंडी आहे. आईनेच सांगितलंय तिला."

वहिनीने तिचे हात हातात घेतले.

त्या दिवसापासून उर्जाचे हात गार पडले. सगळे डॉक्टर झाले, काही सापडलं नाही. वहिनीने ती दुसरी नोकरी सोडली. पुण्याच्या गुरुजींना विचारून शांती केली. हेल्गा येऊन मेणबत्ती लावून गेली. करायचं म्हणून काही शिल्लक ठेवलं नाही.

उर्जा आता रोज आईजवळ झोपायची. वहिनीला हेच तर हवं होतं. फक्त दोघींच्या मध्ये ती एका माणसाची जागा सोडायची. आणि त्या जागेवर पांघरूण घालायची.

दोन वर्षांनी मला बर्लिनला नोकरी लागली. निघताना मी उर्जाचा हात हातात घेतला...

हात उबदार होता!

"वहिनी, अगं बघ! हिचा हात बघ!" मी ओरडलेच.

वहिनीने हात धरून पाहिला आणि रडायला लागली. मी आनंदात बॅग उचलून बाहेर पडले. मागे वळून पाहिलं.

उर्जा दोन्ही हातांनी दार धरून उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "वार्ट."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिने लेकीला उचललं आणि दार लावून घेतलं.

मला तिचा राग नाही. मी आई असते तर मीही तेच केलं असतं.

बर्लिनमध्ये मी एकटीच राहते. हीटर कितीही वाढवला तरी हात गारच. घरी आल्यावर मी दार लगेच लावत नाही. जरा थांबते.

आजींना जिना चढायला वेळ लागतो.