दोन गल्ल्यांचे घोडे

"निशा, आत्ताच्या आत्ता ये गो. कृणालला हॉलवर कोंडून ठेवलाय."

फोनवर तेजलचा आवाज फुटत होता. अंधेरीच्या एमआयडीसीत मोबाईलवरचे खेळ तपासायची नोकरी करणारी निशा हातातलं काम टाकून रिक्षात बसली. कोळीवाड्याच्या तोंडाशी उतरली तेव्हा भर दुपार होती. बांबूंच्या वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांखाली माणसंच माणसं.

पहाटे अंबादासच्या होडीतलं जाळं कुणीतरी कापलं होतं. होडीत सुरी सापडली. सुरीच्या मुठीवर कृणालचं नाव. निशाच्या भावाचं.

अंबादास तेजलचा नवरा, वरच्या गल्लीचा. निशाचं घर खालच्या गल्लीत. देवीची पालखी आधी कुणाच्या दारात थांबायची, यावरून दोन्ही गल्ल्यांचं बोलणं तुटलेलं. निशा आणि तेजल तेवढ्या शाळेपासूनच्या मैत्रिणी, चोरून फोन करायच्या. आज संध्याकाळी समाजाच्या हॉलमध्ये समेट व्हायचा होता. आता त्याच हॉलमध्ये पंच कृणालला पोलिसांच्या हवाली करणार होते.

निशा आधी होडीवर गेली. जाळ्यावर धाकूमामा मांडी घालून बसला होता. दोन्ही गल्ल्यांची जाळी सांधणारा हा एकच म्हातारा. बोलणं तुटलं तरी त्याला दोन्हीकडच्या स्वयंपाकघरात चहा मिळायचा. त्याच्या बोटांतली सुई मासोळीसारखी आत-बाहेर सुळकत होती.

"मामा, कधी बसलात?"

"हा काय, आताच. पंचांनी बघितलं, फोटो काढलं, मंग बोलावलं मला. बसलो नि सुई लावली."

"कुणी केलं असेल?"

"माझ्या तोंडून कशाला वदवतेस, बाय? सुरी बोलते ना."

निशानं चपला काढल्या, जाळ्यावर उतरली. अजून न सांधलेल्या कडेवरून बोट फिरवलं. कड साफ होती. गाठीपासून गाठीपर्यंत कापलेली, एक धागा लोंबत नव्हता.

हॉलच्या दाराशी तिची आई, सरूबाई, पदर खोचून उभी होती. डोळे कोरडे, आवाज पेटलेला.

"माझ्या पोरानं? त्याला पापलेट कापायला दिला तर चिंध्या करतो! तो जालं कापनार? चल, सांग त्या पंचांना!"

आतल्या खोलीत कृणाल भिंतीला टेकून बसला होता.

"पहाटे कुठं होतास?"

"नाय सांगणार."

"जेलात जाशील रे."

"जाईन."

"आयेला कळू नये असं काय केलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "घोडे. बर्फाच्या फॅक्टरीमागं बसलेलो, मोबाईलवर. होडीवर हात ठेवून आयेपुढं शपथ घेतलेली गो, सोडले म्हणून."

निशा त्याच्यासमोर खाली बसली.

"जुगार?"

"जुगार नाय, अभ्यास! श्यामकांत सर ग्रुपवर शिकवतात. जो घोडा जिंकत आलाय, त्याच्या पाठीवर जास्त वजन टाकतात. चिखल असला की वजनवाला मागं पडतो. म्हणून मागच्या पाच शर्यती बघायच्या, मग हलका घोडा घ्यायचा, आतली लेन. रविवारी शेवटच्या शर्यतीत सरांनी बिजली सांगितली. बिजलीच आली!"

"चिखल कुठाय, कृणाल? चित्र आहे ते! त्या घोड्याला खूर नाहीत, दम नाही, पोटात दाणा नाही. मशीन नंबर आधी काढतं, घोडे मागाहून पळवतं, तुझ्यासारख्यांना बघायला. मी दिवसभर हेच तपासते रे! मागच्या पाच शर्यतींची त्याला आठवणसुद्धा नसते."

"मग सरांची बिजली कशी आली?"

प्रश्न बरोबर होता.

"ग्रुपवर कोण आहे?"

"आपलेच. खालच्या गल्लीतले."

"वरच्या गल्लीतलं?"

"छे! एक नाय."

"सरांना पाहिलंयस? आवाज ऐकलायस?"

"नाय. नुसतं लिहितात."

निशानं बाहेर येऊन तेजलला फोन लावला. "तुझा अंबादास मोबाईलवर घोडे खेळतो का गो?"

पलीकडून हुंदका ऐकू आला. "तुला कुणी सांगितलं?"

"रविवारी शेवटच्या शर्यतीत श्यामकांत सरांनी त्याला कुठला घोडा दिला?"

"वादळ. हरला. वजनाचा अंदाज चुकला म्हणे सरांचा."

संध्याकाळी हॉल भरला. एका बाजूला वरची गल्ली, दुसऱ्या बाजूला खालची. मधे रिकाम्या सतरंजीचा पट्टा, ओहोटीच्या खाडीसारखा. निशा नेमकी त्या पट्ट्यावर उभी राहिली.

"श्यामकांत सर कुणाकुणाला माहीत आहेत? हात वर करा."

आधी एकही हात हलेना. मग अंबादासचा वर गेला. मग इकडून, तिकडून. दोन्ही गल्ल्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"रविवारी एकाच शर्यतीत खालच्या गल्लीला एक घोडा दिला, वरच्या गल्लीला दुसरा. आणखी कुठल्या कोळीवाड्यात तिसरा, चौथा. एक तरी येणारच! ज्यांचा आला ते सरांच्या पाया पडले. ज्यांचा गेला त्यांना वजनाचा धडा. तुम्ही जेवढं हरता, त्यात सरांचा वाटा असतो. हे चालायला एकच गोष्ट लागते. तुम्ही एकमेकांशी बोलायचं नाही!"

ती वरच्या गल्लीकडं वळली.

"आज समेट झाला असता तर माझा भाऊ नि अंबादासदादा शेजारी बसून काय बोलले असते? घोडे! म्हणून जाळं आजच कापलं."

"पण सुरी?" अंबादास म्हणाला.

"सुरी आमच्या चुलीपाशीच असते. दोन्ही घरांत चुलीपर्यंत कोण येतं? आणि दादा, रागानं कापलेल्या जाळ्याच्या चिंध्या होतात. सांधणारा त्या चिंध्या आधी कातरतो, गाठीगाठीवरून कड साफ करतो, मग सुई लावतो. लहानपणापासून बघतेय. आज धाकूमामा बसले नि तडक विणायला लागले. कड आधीच साफ होती. मामा, वैर करायला गेलात, पण हात सांधणाऱ्याचाच चालला."

धाकू उसळून उठला. "काय बोलतेस? माझ्याकडं बटणांचा फोन हाय! वादळ नि बिजली घोडे हायेत का म्हशी, मला काय ठावं?"



"नावं मी घेतलीच नाहीत," निशा म्हणाली. "खालच्या गल्लीला बिजली दिली, वरच्या गल्लीला वादळ. ही जोडी फक्त श्यामकांताला ठाऊक. म्हणजे तुम्हीच ते सर, मामा."

धाकू ओरडला. "नायलॉनची तयार जाली आनता! फाटली की फेकता! माझी सुई गंजली तवा कुनी इचारलं? मोबाईलवाल्यानं मला इचारलं, ग्रुप चालवशील का म्हनून!"

"आनि चहा?" सरूबाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. "रोज चहा कोन देत होतं रे तुला?"

म्हातारा खाली बसला. त्यानं बंडीत हात घातला आणि दुसरा, मोठ्या काचेचा फोन सतरंजीवर ठेवला.

कृणालला बाहेर आणलं तेव्हा सरूबाईनं आधी त्याच्या कानाखाली वाजवली. मग त्याचं मनगट धरून त्याला थेट अंबादासच्या होडीवर नेलं. पाठोपाठ दोन्ही गल्ल्या. चपला काढून ती जाळ्यावर बसली. समोर तेजल बसली. अर्धवट राहिलेलं भोक दोघींच्या मधे पसरलेलं.

"अंबादास, सुई आन." मग लेकाकडं बघून, "नसलेल्या घोड्यांचं वजन शिकलास ना? बस हितं. हे शिक."

कृणालनं सुई धरली. पहिली गाठ सुटली. दुसरीही सुटली.

"परत," सरूबाई म्हणाली.